झेलिगची सुरगाठ

शांघायच्या धक्क्यावर जहाजांचे दोर वळण्यात झेलिगची तीस वर्षं गेली. हार्बिनला असताना पोरवयात स्काउट व्हायची भारी हौस होती, पण बापाने दोर वळायला बसवलं. आता बावन्नाव्या वर्षी तो ज्यू स्काउटांच्या तुकडीला गाठी शिकवायचा. गळ्यात मात्र स्काउटचा स्कार्फ नव्हता. बायको बासिया चिडवायची, "तीस पोरांना शिकवतोस, आणि स्वतःचा गळा मोकळाच!"

यंदाच्या छावणीत शुक्रवारी सकाळी तुकडीप्रमुख रहामीम म्हणाला, "झेलिगकाका, हद्द तुम्ही बांधा. उद्याच्या जेवणापर्यंत टिकली, तर तिथेच स्कार्फ तुमचा."

शब्बाथ म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंतचा ज्यूंचा विसाव्याचा दिवस; तेव्हा उघड्यावर वस्तू इकडून तिकडे न्यायला मनाई. पण तंबूंभोवती खांब रोवून वरून दोर फिरवला, की शब्बाथलाही आतल्या आत वस्तू नेता येतात. दोर पडला, की हातात रुमालसुद्धा न्यायचा नाही.

त्याच दिवशी उन्हं असतानाच झेलिगने दोर बांधला. आणि या शहाण्याने काय करावं? शब्बाथला निरगाठ चालत नाही, म्हणून शब्बाथ लागण्याआधीही सगळ्या सुरगाठीच मारल्या! अरे बाबा, सूर्य मावळेपर्यंत हवी ती गाठ मार की, कोण अडवतंय?

शनिवारी सकाळी एक म्हैस कोपऱ्यातल्या खांबाला अंग घासून गेली. गाठ सुटली, दोर खाली आला. पाहिलं ते एकट्या झेलिगने. शब्बाथ लागल्यावर पडलेली हद्द सुरगाठीनेही पुन्हा उभारता येत नाही, त्यामुळे आता बांधायची सोय नव्हती. गप्प राहिला असता, तर रात्रभर मंद आचेवर शिजलेल्या चोलंटचं, म्हणजे मांस-बटाट्याच्या रश्श्याचं, गरम पातेलं जेवणाच्या तंबूत आलं असतं आणि त्याच्या मागोमाग स्कार्फही. शेवटी तो तडक रहामीमकडे गेला.

"हद्द तुटली. चूक माझीच. नको तिथे सुरगाठ मारली."

रहामीमने कपाळाला हात लावला. "आता पातेलं कसं आणायचं?"

"पातेलं येत नाही, तर तुम्हाला पाय नाहीत का?" स्वयंपाकाच्या तंबूतून बासिया ओरडली. "या सगळे इकडे!"

खिसे रिकामे करून पोरं पातेल्याभोवती दाटीवाटीने बसली. झेलिग मान खाली घालून बटाटा चिवडत होता. तेवढ्यात पोरं फिदीफिदी हसायला लागली. रहामीम आला होता, गळ्यात दोन स्कार्फ घालून.

"हातात आणता येत नव्हता ना, अंगावर घातलेलं चालतं," तो म्हणाला. वरचा काढून त्याने झेलिगच्या गळ्यात घातला आणि स्कार्फ अडकवायचं चामड्याचं कडं वर सरकवलं.

"पण हद्द टिकली नाही रे."

"काका, दोर पडल्याचं येऊन सांगायला स्काउटच लागतो."

झेलिगचे डोळे भरून आले. बासियाने त्याच्या ताटात दुसऱ्यांदा वाढलं.

"रड नंतर," ती म्हणाली. "आधी स्कार्फ सांभाळ, रस्सा सांडेल."