मी निवडलेला पेला

माझ्या भाचीला वास कळत नाही, असं आमच्या नात्यात सगळे धरून चालतात. लग्नात कुणी अत्तरदाणी घेऊन फिरत असलं की हमखास ऐकू येतं, "हिला कशाला लावता? हिचं नाक कंपनीनं खाल्लंय." सगळे हसतात. तीही हसते. हे वाक्य मूळ माझं आहे आणि ते खोटं आहे. मी गेल्यावरही ते तिच्यामागे राहू नये म्हणून हे लिहितो आहे.

पेणला एका पोह्यांच्या गिरणीत माझी सगळी उमर गेली. पोह्यांसाठी आधी भात कोमट पाण्यात भिजत घालतात. ते किती वेळ ठेवायचं हे हवेवर असतं. टाकीतून मूठभर भात काढायचं, हुंगायचं आणि "काढा" किंवा "राहू द्या" म्हणायचं, हे माझं काम. आंबूसपणाची जरा चाहूल लागली की भात निथळून भट्टीकडे गेलंच पाहिजे. उशीर झाला तर पोह्यांना तो वास कायमचा चिकटतो.

करोनात मला ताप आला. ताप गेला, पण वासही गेला. इतरांचा हळूहळू परत आला, माझा आला नाही. मी कुणाला बोललो नाही. गुडघे केव्हाच गेले होते, गिरणीत मला ठेवलं होतं ते नाकासाठी. टाकीशेजारी एक कामकरी बाई उभी असायची. मी मूठ नाकाशी धरायचो आणि पाहायचो तिच्या तोंडाकडे. तिनं नाक जरासं मुरडलं की म्हणायचो, "काढा." बहिणीकडे रोह्याला जाताना कोलाडवरून एसटी रसायनांच्या कंपन्यांच्या पट्ट्यात शिरली की लोक नाकाला रुमाल लावतात. मीही त्यांचं बघून रुमाल काढायचो. गिरणी सोडताना शेठनं शाल-नारळ दिला आणि भाषणात माझ्या नाकाची तारीफ केली. ती बाई मनापासून टाळ्या वाजवत होती. घरी येऊन मी शाल ट्रंकेत टाकली ती पुन्हा काढली नाही.

माझी बहीण रोह्यासमोर, नदीपलीकडच्या अष्टमी गावात राहते. तिची मुलगी रोह्याला एका कंपनीच्या प्रयोगशाळेत शिफ्टमध्ये काम करायची. तिथे तिचा जीव रमत नव्हता. पुण्याकडे परवाना घेऊन लहान प्रमाणावर बिअर बनवणारा एक गृहस्थ होता. रजा टाकून ती त्याच्याकडे शिकून आली. तो म्हणाला होता, तुझ्या शेतावरची एल करून दाखव, आवडली तर तुला कामावर घेतो. एल म्हणजे बिअरचाच जुना प्रकार. परदेशातले शेतकरी घरच्या धान्याची करायचे, असं तिनं मला समजावलं. त्यात विकतचं यीस्ट घालायचं नव्हतं, फळांवर किंवा धान्यावर आपसूक असतं ते रानटी यीस्ट धरायचं होतं. ते धरायला तिला एक उन्हाळा लागला.

चव बघायला तिनं मलाच बोलावलं. पडवीत पाटावर दोन पेले मांडले.

"काय गो, दारू गाळतेस नि वर मामाला पाजतेस?" बहीण चुलीजवळून ओरडली.

"गाळत नाय, आये. आंबवते."

"व्हय, हा फरक पोलिसांना सांग."

भाची हसत माझ्याकडे वळली. "मामा, एक बांधावरच्या करवंदांच्या यीस्टवर केलीय आणि एक तुझ्या गिरणीतल्या भिजल्या भाताच्या पाण्यावर. कुठली कशातली ते सांगणार नाय. मोठं भांडं एकच आहे, त्यामुळे एकच पुढे न्यायची. तू म्हणशील ती." आणि ती माझ्याकडे पाठ करून बसली. "माझ्या तोंडावरून तुला कळायला नको."

तिथेच मी अडकलो. बहीण चुलीत फुंकत होती. दारात कुत्रं होतं, तेही झोपलेलं.

पहिला पेला हुंगल्यासारखं केलं आणि घोट घेतला. जिभेच्या टोकाला बारीक चुरचुर, हलका आंबटपणा, मागाहून थोडा कडवटपणा. बस. दुसऱ्याचा आंबटपणा जोरात होता, जबडा आवळून आला. निदान तो माझ्यापर्यंत पोचला तरी.

"हा दुसरा," मी म्हणालो. "ह्याच्यात जान आहे."

"नक्की? वास नीट बघ."

"वास एकदम स्वच्छ."

ती वळली. "मला पहिली वाटत होती रे. दुसरीला ओल्या गोणपाटाचा वास येतो." आणि ती माझ्या डोळ्यांत बघत राहिली. तेव्हा खरं सांगायला एवढंसं वाक्य पुरलं असतं. माझ्या तोंडून निघालं ते वेगळंच.

"अगो, तुझं नाक कंपनीनं खाल्लंय."

बहिणीला हसता हसता ठसका लागला. भाचीही हसली, पण जरा उशिरा. "मामा म्हणतो तर तसंच असेल," म्हणाली, आणि पहिलीची बरणी उचलून मागच्या केळीच्या आळ्यात ओतून आली. ती करवंदांची होती, हे तिनं ओतल्यावर सांगितलं.

पुण्याचा गृहस्थ आला त्या दिवशी मी हट्टानं हजर राहिलो. काहीतरी सावरता येईल असं वाटत होतं. त्यानं पेला नाकाशी नेला आणि न पिताच खाली ठेवला. पडवीत मला हवा होता तो चेहरा आज समोर होता.

"ओलं फडकं कुबट होतं तसा वास येतोय," तो म्हणाला. "तुम्ही स्वतः हुंगलं होतं?"

"हो," ती म्हणाली. "मला कळलं नाही. माझ्या नाकातच खोट आहे."

माझं नाव तिनं घेतलं नाही. माझ्या हातात पेला होता आणि त्यातला फेस बसत चालला होता. मी त्या फेसाकडे पाहत बसलो. बाहेर त्याची गाडी निघून गेली.

पुढच्या उन्हाळ्यात बांधावर करवंदं पिकली, ती पाखरांनी खाल्ली. भाची पुन्हा शिफ्ट करू लागली. घरात ती डाळ, ताक, मासळी, काहीही माझ्यासमोर धरायची. "मामा, तू बघ. मला नाय कळत." मी बघायचो. म्हणजे नाकाशी नेऊन बहिणीच्या तोंडाकडे बघायचो. अष्टमीला जाणं मी कमी केलं. मग फोन यायचा, "मामा, ये ना रे."

परवा गेलो होतो. बहीण बाजारात गेलेली. दुपारच्या शिफ्टला निघायच्या आधी भाची चहा ठेवत होती. तिनं दुधाचं पातेलं माझ्यापुढे धरलं. मी ते नाकाशी नेलं आणि सवयीनं समोर पाहिलं. समोर तीच होती, माझ्या उत्तराची वाट बघत.

"मला वास येत नाही," मी म्हणालो.

"सर्दी झालीय?"

"करोनापासून येत नाही."

तिनं पातेलं माझ्या हातातून घेतलं, स्वतः हुंगलं आणि दूध मोरीत ओतलं.

"नासलंय," ती म्हणाली. पाणी टाकून मोरी धुतली. माझ्याकडे न बघता विचारलं, "त्या दिवशीपण?"

"व्हय."

"मग माझ्या नाकाला का बोललास?"

"सुटायला," मी म्हणालो.

तिनं पर्स उचलली. मीही चपला घातल्या. ये म्हणाली नाही, नको म्हणाली नाही. कंपनीची बस पलीकडे रोह्यात लागते, म्हणून कुंडलिका नदीच्या पुलापर्यंत आम्ही चालत गेलो. पुलावर वारा होता. मी तिला विचारलं, "आता कसला वास येतोय गो?"

ती थांबली नाही. पुलाच्या मध्यावर गेल्यावर तिनं मान जराशी वर केली.

"चिखलाचा," ती म्हणाली. चार पावलं गेली. "आणि कुणीतरी सुके बोंबील भाजतंय."

मी इकडेतिकडे बघितलं. धूर कुठे दिसत नव्हता. "असेल," मी म्हणालो.

"असेल नाय, मामा. आहे," ती म्हणाली आणि बससाठी पुढे गेली.