बासरीच्या आधीचा श्वास

तोंडावर त्याला सगळे दादा म्हणत आणि पाठीमागे कात्री. नाव ठेवणाऱ्यांचा दोष नव्हता, कामच तसं होतं. लाँड्रीच्या वरच्या खोलीत बसून हा माणूस सीडीवरचे सूर कापायचा आणि जुन्या सॅम्पलरसाठी त्यांच्या फाइली बनवायचा. सॅम्पलर म्हणजे ट्रंकेएवढं अवजड यंत्र. त्यात बासरीचा एक सूर भरला, की पट्टी दाबल्यावर तोच सूर वाजतो. नवं आता कुणी घेत नाही, पण ज्यांच्याकडे आहे ते जिवापाड जपतात. या म्हाताऱ्या यंत्राला आजही फ्लॉपीच लागते, आणि एका फ्लॉपीत आवाज मावतो जेमतेम सोळा सेकंद. सोळा सेकंदांत अख्खी बासरी बसवायची!

दादा बसवायचा. सुराच्या आधीची खरखर छाटायची, श्वास छाटायचा, शेपूट छाटायचं, आणि मधला तुकडा असा जोडायचा की तो गोल गोल फिरत राहिला तरी सांधा कळू नये. पट्टीला बोट लागलं की सूर हजर. एका फ्लॉपीत आठ सूर बसवणारा त्याच्यासारखा दुसरा कुणी नव्हता, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा.

मग त्याच्या धाकट्या भावाने हेच काम सुरू केलं. शिकला दादाकडेच, तीन वर्षं त्याच खोलीत, त्याच खुर्चीशेजारच्या स्टुलावर. आता समोरच्या इमारतीत त्याची स्वतःची खोली होती. पहिले काही महिने दादाने मोठ्या मनाचं सोंग छान वठवलं. एक दिवस नाटकाला संगीत देणाऱ्या बाई आल्या. बारा वर्षं त्या दादाकडूनच फाइली घेत होत्या. खुर्चीवर टेकता टेकता म्हणाल्या, "दादा, धाकट्याची बासरी ऐकलीत का हो? माणूस वाजवतोय असं वाटतं!"

दादाच्या अंगाचा तिळपापड झाला. "हो का? वा वा," तो म्हणाला, आणि चहात साखर घालायला विसरला.

त्यानंतर त्याला दुसरं काही सुचेना. समोरच्या खिडकीत उजेड दिसला की पोटात दुखायचं. जिन्यात पावलं वाजली आणि ती वर न येता लाँड्रीतच थांबली, की गिऱ्हाईक समोर गेलं असं वाटायचं. बायको म्हणाली, "अहो, सख्खा भाऊ आहे तुमचा." "म्हणून तर," तो म्हणाला. परक्याचं कौतुक एक वेळ गिळता येतं. ज्याला माउस धरायला शिकवलं, त्याचं गिळवत नाही.

नवं नाटक बसत होतं. बाईंना त्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच हातची बासरी हवी होती, दादाची किंवा धाकट्याची. रविवारच्या तालमीत त्या ठरवणार होत्या. धाकटा चार दिवस सासुरवाडीला गेला आणि नेमक्या तेव्हाच त्याची बासरीची फ्लॉपी यंत्रात कुरकुरायला लागली. बाई ती घेऊन दादाकडे आल्या. "नव्या फ्लॉपीवर उतरवून द्या ना तेवढं. तुमच्याशिवाय कुणावर विश्वास ठेवू?"

त्या गेल्यावर दादाने दार लावून घेतलं. धाकट्याची बासरी पडद्यावर उघडली. सूर पाचच होते, आठ नव्हे, आणि प्रत्येकाच्या आधी आवाजाच्या आलेखात थोडा केसाळ पट्टा. 'कचरा ठेवलाय लेकाने,' तो मनाशी म्हणाला आणि खुशीत ऐकू लागला. कचरा नव्हता तो. वाजवणाऱ्याने सूर लावण्याआधी घेतलेला श्वास होता. सीडी तीच होती, दादाच्या कपाटात पडलेली. हाच श्वास त्याने स्वतः कितीदा छाटून फेकला होता! तीन सुरांची जागा देऊन धाकट्याने तो ठेवला होता.

दादाने पुन्हा ऐकलं. ऐकतच राहावंसं वाटलं, आणि त्याचाच त्याला भयंकर राग आला. पाची सुरांचे श्वास त्याने कापले. आपण साफसफाई करतोय, असं स्वतःला बजावत कापले, नव्या फ्लॉपीवर फाइली उतरवल्या आणि जुनी मोडून टाकली.

रविवारी तालमीला दोघे भाऊ शेजारीशेजारी बसले होते. बाईंनी धाकट्याची फ्लॉपी घालून पट्टी दाबली आणि बासरी नटाच्या वाक्यावरच चढली. त्यांनी पुन्हा दाबली, पुन्हा तेच. श्वासापुरती पट्टी आधी दाबायची सवय त्यांच्या बोटांना झाली होती, आणि आता श्वासच नव्हता.

"हे काय? बासरी घाईतही आली आणि कोरडीही," त्या म्हणाल्या. "उतरवताना काही बदललं का हो, दादा?"

"कॉपी ती कॉपीच," दादा म्हणाला. "जशीच्या तशी आहे."

"मग माझेच कान फसले म्हणायचे. कारण ही तर अगदी तुमच्या फाइलींसारखी वाजतेय. तसंच असेल तर तुमचीच घेते, तुमच्याकडे आठ सूर तरी आहेत."

जिंकला होता दादा. त्याने हळूच धाकट्याकडे पाहिलं. तोंड पडलेलं बघायची त्याची तयारी झाली होती, दोन समजुतीचे शब्दही ओठांवर होते. धाकट्याचे डोळे चमकत होते.

"दादासारखी वाजली?" त्याने बाईंना विचारलं. "खरंच म्हणता? नाही, मला काही केल्या ते जमत नव्हतं. सुराच्या आधीचं छाटायला गेलो की सूर मरायचा, म्हणून भीतीने ते तसंच ठेवायचो." मग त्याने दादाचा हात धरला. "नाटक तुझंच रे, तुझंच व्हायला हवं होतं. पण मला दाखव ना, कुठे जमलंय मला तुझ्यासारखं?"

इतक्या निर्मळपणे खूश होणं दादाला उभ्या जन्मात जमलं नव्हतं. त्या क्षणी त्याला धाकट्याचा जितका हेवा वाटला, तितका कधीच वाटला नव्हता. धाकटा हात सोडेना, उत्तराची वाट बघत राहिला.

"सुरुवातीला," दादा म्हणाला. "सुराच्या सुरुवातीला."