एकदाच विचारणारी हाइड्रून

हाइड्रून वेसलिंग सव्वीस वर्षं आमच्या गावच्या पोहण्याच्या तलावावर तिकीट खिडकीत बसली. एक की दोन, लॉकर हवा की नको, एवढंच विचारायची आणि समोरच्याच्या तोंडातून जे पहिलं निघेल ते तिकीट फाडून हातात द्यायची. मागाहून मन बदललेल्यांना ती मुकाट्याने रांगेच्या शेपटाला पाठवायची, मग तो महापौर का असेना. गावात तिला सरळ स्वभावाची बाई म्हणत. आमच्याकडे याहून मोठी पदवी नाही.

खरं सांगायचं तर आम्ही सगळेच त्या वळणाचे. पाहुण्याला विचारतो, केक आणखी देऊ? तो नको म्हणाला की उरलेला केक झाकून ठेवतो. नको म्हणजे नको. माणसाचा शब्द खरा मानणं म्हणजे त्याचा मान राखणं, असं आमच्या आयांनी आम्हाला शिकवलं. त्या शिकवणुकीच्या जोरावर आम्ही आजवर किती जणांना अर्धपोटी उठवलं असेल, देव जाणे.

हाइड्रूनचा एकुलता एक मुलगा योर्ग कॅनडात स्थायिक झालेला. दर रविवारी अकराला त्याचा फोन यायचा. दहा मिनिटं तो तिकडचं हवामान सांगायचा आणि ही इकडचं. घर ओकंबोकं झालं तेव्हा तिने परदेशातली शाळकरी मुलं एकेक वर्षासाठी ठेवून घ्यायला सुरुवात केली. आमच्याकडे हे काम करणारी संस्था आहे, फुकटचं काम, नुसतं मन मोठं लागतं. चार मुलं येऊन गेली. चौघांचे फोटो जिन्यालगतच्या भिंतीवर लागले. पहिल्या नाताळाला प्रत्येकाचं लांबलचक पत्र आलं, दुसऱ्या नाताळाला मोबाइलवर दोन ओळी आल्या, आणि पुढे काहीच नाही. एकानेही कधी परत येऊन तिच्या दाराची घंटी वाजवली नाही.

तिचा नवरा आल्फोन्स दुधाचा टँकर चालवायचा. दिवसाला वीस वाक्यं बोलायचा, त्यातली पंधरा गाईंबद्दल. तो म्हणाला, "हाइड्रून, आपण घर चालवतोय की धर्मशाळा?"

"ही पाचवी शेवटची," ती म्हणाली. "एक तरी माझं होईल की नाही?"

हे ती पुन्हा कधी बोलली नाही, पण तिच्या जिवाला लागलं होतं ते एवढंच. कुणीतरी एकाने या घराला आपलं घर म्हणावं.

बेगिमाय ऑगस्टात आली. सोळा वर्षांची, किर्गिझस्तानातल्या नारीन गावची, गालांवर उन्हाचे लाल डाग, हाताला पेलणार नाही एवढी जड बॅग. हाइड्रूनने तयारीत कसूर केली नव्हती. मुलगी डुकराचं मांस खात नाही हे कळल्यावर तिने टर्कीचं सॉसेज आणलं, ते कापायला वेगळी फळी आणि वेगळी सुरी काढली, आणि आल्फोन्सला दम भरला, "या सुरीला हात लावलास तर बघ."

पहिल्याच संध्याकाळी तिने मुलीला स्वयंपाकघर दाखवलं. "हा फ्रिज. हवं ते, हवं तेव्हा घ्यायचं. विचारायचं नाही. आणि मला हाइड्रून म्हणायचं, बाईबिई नको."

बेगिमायने मान हलवली. आईच्या वयाच्या बाईला नुसत्या नावाने हाक मारणं तिच्या जिभेला जमेना, म्हणून सात महिने तिने हाइड्रूनला कसलीच हाक मारली नाही. काही सांगायचं असलं की जवळ येऊन उभी राहायची. आणि परक्या घरचा फ्रिज उघडणं? तिच्या गावात असं करणाऱ्या मुलीची सोयरीक मोडते.

आमचं संध्याकाळचं जेवण थंड असतं. पाव, चीज, सॉसेज, काकडीचं लोणचं, सहाच्या ठोक्याला. पहिल्या दिवशी बेगिमायने एक काप खाल्ला. हाइड्रूनने पावाची टोपली पुढे केली.

"आणखी?"

"नको, आभारी आहे."

टोपली परत जागेवर गेली. बेगिमाय त्या टोपलीकडे बघत राहिली. तिच्या घरी आई पाहुण्याला एकदा म्हणते, दोनदा म्हणते, तिसऱ्यांदा ताटातच वाढते, आणि पहिल्या हाकेला हो म्हणणारी मुलगी म्हणजे हावरट. टोपली पुन्हा येईल म्हणून ती हात मांडीवर ठेवून थांबली. हाइड्रूनने चीजवर कागद गुंडाळला.

तसंच डब्याचं. "शाळेत न्यायला पाव करून देऊ का, की नको?" "नको, त्रास नको." त्रास नको म्हटल्यावर हाइड्रूनने त्रास घेतला नाही. रविवारच्या कॉफीला प्लमचा केक, एकच तुकडा. उरलेला शेजारच्या म्हातारीकडे पोचता होई. ती झाकलेली ताटली शेजारच्या दारात शिरेपर्यंत बेगिमाय खिडकीतून बघत राहायची.

म्हणाल, पोर एवढी कशी मंद? मंद नव्हती हो. कागद निळ्या डब्यात, प्लास्टिक पिवळ्यात, हे ती आठवड्यात शिकली. हिवाळ्यातही सकाळी दहा मिनिटं खिडक्या सताड उघडायच्या, रविवारी कपडे वाळत घालायचे नाहीत, पावसात सायकलवरून बसथांब्यावर जायचं आणि कुरकुर करायची नाही, हेही शिकली. पण ते सगळं फ्रिजवरच्या यादीत लिहिलेलं होतं. जेवताना काय म्हणायचं हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. आणि महिनाभर नको नको म्हटल्यावर एक दिवस हो कसं म्हणायचं? म्हणजे महिनाभर खोटं बोलत होते, असं कबूल केल्यासारखंच. लाज वाटली, आणि लाजेला दिवसागणिक मुळं फुटत गेली.

हाइड्रून मात्र खूश होती. पोरगी नीटनेटकी, न सांगता टॉवेलांच्या घड्या घालणारी, इस्त्री करताना शेजारी येऊन बसणारी. तलावावरच्या बायकांना ती कौतुकाने सांगायची, "चिमणीएवढं खाते बघा. मी एक कापच मांडते आता, उगाच वाया कशाला." ईस्टरच्या सुट्टीत मुलीला समुद्रावर न्यायचं तिने ठरवलं होतं, बेटावर, दोघीच. तिथली खोलीही सांगून ठेवली होती. आधीच्या चौघांना तिने कुठे नेलं नव्हतं.

मुलीचं पोट भरलं ते दुसऱ्याच घरी. तिच्या वर्गातल्या योहानाची आई कालिनोव्स्की. त्यांचं घराणं पोलंडकडून आलेलं, चाळीस वर्षं झाली तरी गाव त्यांना नवेच म्हणतं. कालिनोव्स्कीबाईंकडे नको ऐकायचा कानच नाही. बेगिमाय एकदा अभ्यासाला गेली, नको म्हणाली, तर बाई कडाडल्या, "नको काय नको? हाडं मोजता येतील तुझी! गप खा!" आणि ताटात तीन बटाट्याचे गोळे पडले, वर रस्सा. बेगिमायने ते खाल्ले, आणखी तीन खाल्ले, आणि मग ताटावरच रडायला लागली.

आठवड्यातून एकदा जाणारी मुलगी तीनदा जायला लागली. मार्चमध्ये एका गुरुवारी हाइड्रून बेकरीत उभी असताना काउंटरमागच्या बाईने पाव पिशवीत घालता घालता सहज विचारलं, "तुमची मुलगी आता बरी जेवते म्हणे, कालिनोव्स्कींकडे?" मागच्या रांगेतलं बोलणं थांबलं. हाइड्रूनच्या कानाच्या पाळ्या तापल्या. सव्वीस वर्षांत तिला कुणी खाली मान घालायला लावलं नव्हतं. ते काम एका पावाच्या दुकानाने केलं.

शनिवारी दहा वाजता संस्थेचे ब्र्यूनिंग सर आले. निवृत्त भूगोल शिक्षक, स्वभावाने गरीब, हातात फॉर्म. कालिनोव्स्कीबाईंनी त्यांना फोन केला होता. गरज पडली तर मुलीला ठेवून घ्यायला त्या तयार होत्या. आमच्याकडे अशा वेळी सगळ्यांना एका टेबलाशी बसवतात आणि सगळं उघड बोलतात. त्याने हवा स्वच्छ होते असा आमचा समज आहे. आल्फोन्स कॉफीचा कप घेऊन गॅरेजमध्ये सटकला.

"मी रोज विचारलं," हाइड्रून म्हणाली. "रोज! विचारा तिला."

"विचारलं," बेगिमाय म्हणाली.

"मग? नको म्हणालीस ना तू? तुझ्या तोंडात कोंबायचं होतं का मी?"

"आमच्याकडे तीनदा विचारतात."

"मग सांगायचं होतंस! मला काय स्वप्न पडणार?"

"सांगितलं म्हणजे मागितल्यासारखं झालं असतं." मुलगी टेबलाच्या कडेवर बोट फिरवत होती. "पाहुण्याने मागायचं नसतं."

"पाहुणी?" हाइड्रूनचा आवाज चिरकला. "सात महिने झाले, अजून पाहुणी?"

ब्र्यूनिंग सरांनी घसा खाकरला. चांगल्या माणसाला नेमकं चुकीच्या वेळी नियम आठवतो, तसा त्यांना आठवला. "फॉर्मप्रमाणे मला विद्यार्थिनीचं मत घ्यायचंय. बेगिमाय, मोकळेपणाने सांग. इथे राहायचंय, की घर बदलायचंय?"

बेगिमायने हाइड्रूनकडे पाहिलं. "राहते," ती म्हणाली.

"छान," सर म्हणाले, आणि त्यांनी पेनचं टोपण काढलं.

हाइड्रूनच्या छातीवरचा धोंडा उतरला. राहते म्हणाली. सगळ्यांसमोर म्हणाली. आता बेकरीतल्या बाईला सांगता येईल, कालिनोव्स्कीबाईला सांगता येईल. समुद्रावरच्या खोलीला खिडकी समुद्राकडची मागून घेता येईल. आणि रोज वाढायचं, तीनदा काय, दहादा विचारायचं. तेवढ्यात तिची नजर मुलीच्या चेहऱ्यावर गेली. नम्र, बेताचं हसू. ते हसू तिने पाहिलं होतं. पावाच्या टोपलीपुढे, केकच्या ताटलीपुढे, रोज संध्याकाळी सहा वाजता ती तेच हसू बघत आली होती आणि त्याला समाधान समजत आली होती.

हाइड्रून गप्प बसली असती तर काही बिघडलं नसतं. शब्द तोंडातून निघाला होता, पेन कागदाला टेकलं होतं. सव्वीस वर्षं तिने जगाला त्या पहिल्या शब्दावर धरलं होतं. आजच कशाला सोडायचं? तिच्या मनात हे सगळं आलं, आणि शरमही वाटली.

"थांबा," ती सरांना म्हणाली. मग मुलीकडे वळली. "खरंच राहायचंय?"

"हो. राहते ना."

"झालं की मग," सर म्हणाले.

"झालं नाही." हाइड्रूनने दोन्ही हात टेबलावर ठेवले. "बेगिमाय, मी तिसऱ्यांदा विचारतेय. मला वाईट वाटेल म्हणून बोलू नकोस. वाईट तर मला वाटणारच. राहायचंय तुला?"

मुलीचं हसू गेलं. ते गेल्यावर तिचा चेहरा किती थकलेला होता हे हाइड्रूनला पहिल्यांदा दिसलं. गॅरेजमध्ये आल्फोन्स काहीतरी ठोकत होता.

"जायचंय," बेगिमाय म्हणाली.

ब्र्यूनिंग सरांनी लिहिलेलं खोडलं. हाइड्रून उठली, खुर्ची नीट आत सरकवली. "चल, बॅग भरायला मदत करते."

"नको."

"चल म्हणते ना," असं म्हणून ती पुढे झाली आणि जिना चढून वर गेली. मुलगी मागून धावत आली, "नको, खरंच नको, मी करते," पण तोवर हाइड्रूनने दार उघडलं होतं.

कपाट रिकामं होतं. टेबलावर एकही पुस्तक नव्हतं. बॅग भरून, कुलूप लावून खिडकीखाली उभी होती, आणि तिच्यावर फक्त सोमवारचे शाळेचे कपडे घडी करून ठेवलेले होते. त्या घडीखाली रात्रीचे कपडे, त्याखाली टॉवेल. मुलगी बॅगेवरच संसार करत होती.

"कधी भरलीस?" हाइड्रूनने विचारलं.

बेगिमाय दारातच उभी होती. या खेपेला तिला एकदाच विचारावं लागलं.

"नाताळात."

म्हणजे हाइड्रूनने बेटावरची खोली सांगितली त्याच्या आधी. तिला मुलीचा राग आला, आपला त्याहून जास्त आला. तिने टॉवेल आणि कपडे पिशवीत घातले, बॅग उचलली आणि पायऱ्यापायऱ्यांवर टेकवत एकटीने खाली आणली. बेगिमाय तिच्या मागून उतरली. दारात थांबून तिने हात पुढे केला, सात महिन्यांचा पाहुणचार घेतलेल्या पाहुण्याने करावा तसा, आणि म्हणाली, "तुम्ही माझ्यासाठी खूप केलंत."

हाइड्रूनने तो हात हातात घेतला.