नारळ कोणाच्या हातात?

इंद्रकुमारची जीप दवनीवाड्याच्या धानाच्या बांधीत शिरली की पुढची चाकं दोन दिशांना पाय फाकवायची. गॅरेजवाल्या दुर्गेश्वरीनं प्रत्येक चाक सुटं हलू देणारं ते सस्पेन्शन कापून काढलं आणि दोन्ही चाकांना जोडणारा अख्खा एक्सल वेल्डिंग करून बसवला. गॅरेजची रीतच होती: काम ज्याचं, त्यानंच नारळ फोडायचा आणि गाडी पहिल्यांदा चालवायची. इंद्रकुमारनं मात्र नारळ तिच्या नवऱ्याला दिला. तो तर नट आवळायचे पाने नुसते तिच्या हातात देत होता!

"काऊन जी? हात माहे भाजले अन् नारेल याले?"

"वयनी, बाया नारेल फोडतेत का कुठं?"

"बाईनं जोडलेला एक्सल चालते, मंग नारेल काऊन चालत नाही?"

नवऱ्यानं नारळ पुढे केला. तिनं तो चाकापुढच्या दगडावर ताडकन आपटला आणि स्टिअरिंगवर बसून इंद्रकुमारकडं वळली.

"बसा बाजूले. नाही तं या पायी!"