पडायचं नाही, एवढंच डोक्यात होतं

खोकला काही केल्या जाईना म्हणून छातीचा एक्स-रे काढला, आणि डॉक्टर माझी छाती सोडून पाठीकडेच बघत बसले.

"तुम्ही कधी पडला होतात का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"जिन्यावरून? बाथरूममध्ये? स्कूटरवरून?"

"अहो, पडले असते तर मला आठवलं नसतं का?"

त्यांनी फिल्म उजेडावर धरली आणि पेनाच्या टोकाने एक मणका दाखवला. वरचे-खालचे मणके चांगले चौकोनी होते. हा मात्र पुढच्या बाजूने खचलेला होता. "हा दबलाय, आणि जुना आहे," ते म्हणाले. "हाड मोडलं आणि तुम्हाला कळलंच नाही. पाठ दुखली असेल, तुम्ही बाम चोळला असेल."

बाम तर मी रोजच चोळत होते. संधिवात असलेल्या बाईला कुठलं दुखणं नवं आणि कुठलं जुनं हे कसं कळणार? आधी मला राग आला. आपलं हाड मोडतं आणि आपल्यालाच खबर नाही, म्हणजे काय! भीती वाटली ती घरी आल्यावर, वरच्या फळीवरचा रव्याचा डबा काढताना. पूर्वी तिथे हात सहज पोचायचा. आता टाचा उंच केल्या तरी बोटं डब्याच्या खालीच राहिली. फळी कुणी वर सरकवली नव्हती. मीच आखडले होते.

संधिवात आमच्याकडे लेक शाळेत होती तेव्हापासून मुक्कामाला आहे. यांना सिल्वासात धाग्याच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून आम्ही नाशिकहून इकडे आलो, आणि पुढच्या एक-दोन वर्षांत सकाळी माझ्या बोटांच्या मुठी उघडेनाशा झाल्या. तेव्हापासून सुजेवरच्या गोळ्या चालू आहेत. त्यातल्या एका लहानशा गोळीने मला उभं केलं, स्वयंपाक करू दिला, लेकीच्या लग्नात मिरवू दिलं. तिच्याबद्दल मी कधी वाकडा शब्द बोलले नाही.

वापीला जाऊन हाडांची तपासणी केली. मशीनखाली गुपचूप पडून राहायचं, एवढंच काम. रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, "हाडं बरीच विरळ झालीत. सांध्यांची सूज हाडं खाते, आणि सूज उतरवणारी गोळीही खाते. गोळी मनाने बंद करायची नाही, आपण ती हळूहळू कमी करू. हाडांसाठी वेगळं औषध देतो. चालायचं, उन्हात बसायचं. पुढे वाकून काही उचलायचं नाही. आणि मुख्य म्हणजे पडायचं नाही."

त्यांनी एवढं सगळं सांगितलं, पण माझ्या डोक्यात शेवटचं तेवढं राहिलं.

त्याच आठवड्यात लेकीचा पुण्याहून फोन आला. तिला दिवस गेले होते. "आई, बाळंतपणाला मी तुझ्याकडेच येणार हं."

"मग काय शेजारणीकडे जाणार?" मी म्हटलं. फोन ठेवला आणि तिथेच खुर्चीत बसून राहिले. आनंद झाला होता, नाही असं नाही. पण त्या आनंदाचे हातपाय गार पडले होते. आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरी, आणि बाळाला न्हाऊ घालायचं ते आजीने. पाटावर बसायचं, पाय लांब करायचे, बाळाला नडग्यांवर पालथं घ्यायचं आणि वरून ऊन ऊन पाणी सोडायचं. माझ्या आईने माझ्या लेकीला तसंच न्हाऊ घातलं होतं. मलाही तेच करायचं होतं. एवढ्या वर्षांत या दुखण्याने माझ्याकडून पुष्कळ काही काढून घेतलं, हे मात्र मी देणार नव्हते. आणि बाळ हातात असताना मी पडले तर काय, या विचाराने मला घाम फुटत होता.

यांना सांगितलं. हे कारखान्यात प्रॉडक्शन बघतात, त्यामुळे घाबरायची यांची तऱ्हाही कारखान्यातलीच. रविवारी हे हातात टेप घेऊन घरभर हिंडले. मशीनभोवती लावतात ती पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची टेप बाथरूमच्या उंबऱ्याला लागली, गॅलरीच्या पायरीला लागली. पायपुसणी माळ्यावर गेली. कंपनीतला वेल्डर येऊन बाथरूमच्या भिंतीत पाइपचा कठडा बसवून गेला.

"घराचं प्लांट करून टाकलंत," मी म्हटलं.

"प्लांटमध्ये कुणी पडत नाही," हे म्हणाले. थट्टेत म्हणाले, पण आवाज नेहमीचा नव्हता.

समोरची गुजराती शेजारीण रोज यायची आणि रोज घाबरवून जायची. "ताई, हाडकां काचनां थई गयां तमारां. बसूनच राहायचं हं, फरवानुं नाही." माझी हाडं काचेची झालीत, फिरायचं नाही, हाच तिचा घोष. जाताना नागलीचं, म्हणजे नाचणीचं पीठ ठेवून जायची. बिचारीचं मन चांगलं होतं. मी मात्र तिचंच ऐकलं आणि बसून राहिले. नदीकडे फिरायला जाणं सोडलं, गच्चीवर जाणं सोडलं. भिंत धरल्याशिवाय पाऊल उचलेना. शिंक आली तरी नाक दाबून धरायचे, कारण शिंकेनेही मणका दबू शकतो असं कुणीतरी सांगून ठेवलं होतं. उजव्या कुशीवरून डाव्या कुशीवर वळताना कुठे काही वाजतंय का ते ऐकायचे.

पुढच्या खेपेला डॉक्टर चांगलेच रागावले. "बसून राहिलात तर हाडं आणखी झिजतील. हाडावर वजन पडलं तर हाड टिकतं." म्हणजे चाललं तर मोडायची भीती आणि न चाललं तर झिजायची भीती. मी म्हटलं, "मग माणसाने करावं तरी काय?" ते हसले. मला काही हसू आलं नाही. पण चालायला लागले, यांचा दंड धरून, सोसायटीच्या आतल्या आत.

हाडांसाठी आठवड्यातून एक गोळी सुरू झाली. उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, चहासुद्धा नाही. त्या सकाळी मी खुर्चीत ताठ बसून घड्याळ बघायचे आणि चहा पिणाऱ्या यांच्याकडे रागाने बघायचे.

लेक सातव्या महिन्यात आली. दारातच वाकून नमस्कार करायला लागली तर मी ओरडले, "वाकू नकोस!" ती हसायला लागली. "आई, वाकायचं तुला नाही. मला चालतं." माझ्या दुखण्याबद्दल तिला सगळं ठाऊक होतं. मी तिच्या पोटाकडे बघायचे, ती माझ्या पाठीकडे बघायची.

नात झाली. दवाखान्यात नर्सने ती माझ्याकडे दिली तेव्हा मी आधी बाकावर बसले, पाठ भिंतीला टेकवली आणि मग हात पुढे केले. नर्सला वाटलं असेल, केवढं नाटक करते ही बाई. पण नात हातात आली आणि तिचा भार कळला. एवढासा भार! आणि त्याला मी इतके महिने घाबरत होते.

घरी आल्यावर मालिशला जवळच्या अथाल गावची एक बाई येऊ लागली. तीच बाळाला न्हाऊ घालायची. मी शेजारी स्टुलावर बसून पाण्यात हात बुडवायचे, ऊन आहे की कढत ते सांगायचे आणि आतल्या आत जळायचे. माझ्या नातीला दुसरीच कुणी पायावर घेत होती.

एके दिवशी मालिशवालीचा निरोप आला. सुरंगी गावात तिच्या भाचीचं लग्न होतं, ती येणार नव्हती. हे पहिल्या पाळीला गेलेले. लेक म्हणाली, "आज ओल्या फडक्याने पुसून घेऊ."

"काही नको. मी घालते न्हाऊ."

"आई!"

"अगं, खाली बसल्यावर कुठून पडणार आहे मी? पडायला उंची तरी लागते ना?"

माझ्या डोक्यात दुसरा विचारच नव्हता. साऱ्या घराने पडण्याचाच धसका घेतला होता, आणि जमिनीवर बसलेलं माणूस पडत नाही. वाकायचं नाही म्हणजे उभ्याने वाकायचं नाही, असंच मी धरून चालले होते. कठड्याला धरून मी पाटावर बसले, पाठ भिंतीपासून सुटी, पाय लांब. लेकीने तेल लावलेली नात माझ्या नडग्यांवर ठेवली. तिचे डोळे झोपेने मिटत होते, रात्रभर बाळाने जागवलं होतं. "जा, जरा आडवी हो," मी म्हटलं. "झालं की हाक मारते."

ती दहा मिनिटं मला जन्मभर पुरतील. डाव्या हाताने मान धरली, उजव्या हाताने पाणी घेतलं. वाकड्या बोटांनाही सगळं येत होतं. डाळीचं पीठ लावलं, काखा धुतल्या, मांडीच्या वळ्या धुतल्या. रोज आंघोळीला घर डोक्यावर घेणारी पोरगी आज गप्प होती. मी तिच्याशी काहीबाही बोलत होते. भीती वाटत नव्हती. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच भीती वाटत नव्हती.

मग तिला उचलायचं होतं. ती पार घोट्यांपाशी सरकली होती. मी कमरेतून पुढे झुकले, दोन्ही हात तिच्याखाली घातले आणि उचललं.

पाठीत कट्कन झालं. आवाज बाहेर आला की नुसता मला आतून जाणवला, ते अजूनही सांगता येत नाही. श्वास अर्ध्यावर अडकला. आत घेता येईना, बाहेर सोडता येईना. नात तेव्हा हवेत होती, ओली, तेलाने बुळबुळीत. तिला छातीशी कसं आणलं ते मला ठाऊक नाही. आणलं एवढं खरं. कठड्यावरून खांद्याशी लोंबणारा पंचा दातांनी ओढला आणि तिच्याभोवती कसाबसा गुंडाळला.

हाक मारायला तोंड उघडलं. आवाजच निघेना. छाती फुगली की पाठीत सुरी फिरायची. बादलीवर तांब्या आपटावा तर एक हात सोडावा लागला असता, आणि हात सोडायची माझी छाती नव्हती. मला शुद्ध हरपायची भीती वाटत होती. मी कलंडले तर ती फरशीवर जाणार. बादलीतलं पाणी निवत होतं, पंचा ओला होता, आणि ही पोरगी शांतपणे नळाकडे बघत होती. आजच हिला शहाणपण सुचलं होतं.

शेवटी मी तिला चिमटा काढला. पंच्याखालून, पोटरीला. पहिल्याने काही झालं नाही. मग जोरात काढला.

ती अशी किंचाळली की लेक धावत आली. दारात थबकली. तिचा चेहरा बघून मला कळलं की मी कशी दिसत असेन. "हिला घे," एवढंच मला बोलता आलं. तिने बाळ घेतलं तरी माझे हात तसेच राहिले होते, वाटोळे, छातीशी. ते खाली येईनात.

दुसरा मणका दबला होता. "पडलात?" डॉक्टरांनी विचारलं.

"बसले होते," मी म्हटलं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. मग समजावलं. पुढे झुकून वजन उचललं की सगळा दाब मणक्याच्या पुढच्या कडेवर येतो. बसून झुका, उभ्याने झुका, मणक्याला काही फरक पडत नाही. उलट पाय लांब करून बसल्यावर कमर अधिकच वाकते. पट्टा दिला, औषध बदलून रोजचं इंजेक्शन दिलं. हे रोज सकाळी ड्युटीवर जायच्या आधी ते टोचायला शिकले. सुई यांची चुकायची आणि शिव्या मी खायचे, हललीस का म्हणून.

मी मात्र नातीला हात लावणं सोडलं. लेक तिला माझ्याजवळ आणायची आणि मी हात मागे घ्यायचे. मालिशवाली परत आली होती, तिची कामं ती करत होती, माझी गरज कुणाला होती? पाळणा हलवायलासुद्धा मी नको म्हणायचे. नातीच्या पोटरीवर निळा डाग पडला होता. तो पिवळा होऊन गेला तरी मला दिसायचा.

एका दुपारी लेक तिला घेऊन माझ्या खुर्चीपाशी आली.

"धर."

"नको गं. माझा भरवसा नाही. एक दिवस हातातून जाईल."

लेक चिडली. चिडली की ती थेट माझ्यासारखी दिसते. "आई, त्या दिवशी तुझा मणका मोडला," ती म्हणाली. "हातातून गेली का?"

मला रडू फुटलं, आणि रडतानाही पाठ दुखत होती.

"मला भीती वाटते गं," मी म्हटलं.

"वाटू दे. बसलेली आहेस ना? पाठ टेकलेली आहे ना? मग धर. मी वाकते, तू वाकू नकोस."

तिने वाकून नात माझ्या मांडीवर ठेवली. नातीने माझ्या पट्ट्याची कडा मुठीत धरली आणि ती तशीच झोपून गेली. तिची झोप होईपर्यंत लेक माझ्या पायाशी बसून राहिली.

आता नात पुण्याला असते आणि रांगते. महिन्या-दोन महिन्यांनी इकडे आली की थेट माझ्याकडे येते, माझी साडी ओढते, खाली बसते आणि दोन्ही हात वर करते. उचल म्हणते. भीती तेव्हा वाटायची तितकीच आजही वाटते. मी तिला उचलत नाही. आधी खुर्ची शोधते, बसते, पाठ टेकवते आणि कुणालातरी हाक मारते, "अरे, कुणीतरी हिला माझ्याकडे द्या." तोवर ती हात वर करून थांबते.