मिस्त्रीने खिशात घातलेला प्लग

मुलांनो, आपला पत्र्याचा कूलर परवा भंगारात गेला, म्हणून तो बनवणाऱ्या जळगावच्या मिस्त्रीबद्दल आज लिहिते. तयार कूलरच्या निम्म्या पैशांत, जुनी मोटर बसवून तो कूलर करून देई. बोलणं मोजकंच. चालू कूलरला तो हाताची मागची बाजू लावून बघे. तळव्याला करंट लागला तर मूठ आवळते आणि सुटत नाही, म्हणे.

आमच्या कूलरच्या अर्थिंगसाठी, म्हणजे पत्र्यात उतरलेला करंट जमिनीत जावा म्हणून, अंगणात खड्डा खणून तांब्याची पट्टी पुरायची होती. मी म्हटलं, "तेवढा खर्च वाचवू या."

"अक्का, लोखंड शे, पानी शे, आनि घरमा पोऱ्या शे," तो त्याच्या अहिराणीत म्हणाला. लोखंड आहे, पाणी आहे आणि घरात पोर आहे, एवढंच. त्याने कूलरचा प्लग कापला, खिशात घातला आणि निघून गेला.

भर वैशाखात कूलर बंद. मी संतापून त्याला बोल लावत होते. तेवढ्यात तुमचा चार वर्षांचा बाबा दिसला. ओल्या हातांनी कूलरला मिठी मारून त्याने गार पत्र्याला गाल टेकवला होता. कूलर चालू असता आणि पत्र्यात करंट उतरला असता तर!

मी तशीच उन्हात मिस्त्रीच्या दुकानी गेले आणि म्हटलं, "भाऊ, आधी खड्डा खणा."

आजही पाण्याजवळ वायर दिसली, की घरातली मुलं कुठे आहेत ते मी आधी बघते.