जिन्यातला थांबा

आमचे हे म्हणजे एक नंबरचे लबाड. लोक त्यांना गुणी म्हणतात. लोकांचं काय जातंय, त्यांना कुठे यांच्याबरोबर संसार करायचाय.

खालच्या मजल्यावर यांचा व्हायोलिनचा क्लास, वर आम्ही राहतो. तरुणपणी संगीत मंडळात यांनी स्वतः रचलेली धून वाजवली. "बरी आहे, पण जुन्याची सर नाही," म्हणत मंडळी चहाकडे वळली. पुढच्याच महिन्यात तीच धून वाजवून यांनी ठोकून दिलं, "माझ्या गुरूंच्या गुरूंची आहे." झालं, माना डोलल्या, एकाच्या तर डोळ्यांत पाणी आलं. तेव्हापासून यांनी जे जे रचलं ते सगळं जुनं. त्या बिचाऱ्या गुरूंच्या गुरूंनी जिवंतपणी एवढं काम केलं नसेल.

मी म्हणायची, "एकदा तरी चारचौघांत म्हणा, हे माझं आहे." तर म्हणे, "लोकांना आवडलं ना? मग नाव कोणाचं का असेना." माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मला ते एकदा या कानांनी ऐकायचं होतं.

यंदा मंडळाच्या कार्यक्रमासाठी यांनी आणखी एक 'जुनी' धून काढली. तालीम खाली क्लासातच होती, मी मागे भाजी निवडत बसले होते. सूर एकेक करून वर चढले, मध्येच थांबले, मग जरा सावकाश पुन्हा चढायला लागले. माझ्या हातातली जुडी हातातच राहिली. अहो, ती मी होते. गुडघा दुखायला लागल्यापासून मी जिन्याच्या वळणावर थांबते, पिशवीचा हात बदलते, मग पुढे चढते. हा माणूस खाली बसून रोज ते ऐकत होता. ऐकत होता, पण उठून पिशवी धरायला कधी आला नाही.

एवढ्यात मंडळाच्या अध्यक्षांनी हात वर केला. भला माणूस, पण जुनं संगीत आपल्यालाच कळतं असं त्यांना वाटतं. "हा थांबा काढून टाका. जुने लोक असे मध्येच थांबत नसत. मागाहून कोणीतरी घुसडलाय."

एरवी हे "बरोबर, बरोबर" म्हणून मोकळे होतात. थांबा गेला असता तर त्या धुनेतून मीच गेले असते.

हे उठले. कान लालभडक झाले होते. "थांबा राहील. तिथे ही दम खाते." आणि सरळ माझ्याकडे बोट दाखवलं. "धून माझी आहे."

"आणि मागचं सगळं?" अध्यक्षांनी विचारलं.

"तेही माझंच."

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. "पंचाईत झाली," ते म्हणाले. "त्या गुरूंच्या गुरूंना माझ्या आजोबांनी ऐकलंय, असं मी दर भाषणात सांगत आलोय." आणि स्वतःच असे खो खो हसत सुटले की सगळ्यांना हसता हसता पुरेवाट झाली. मी मात्र पदराने डोळे पुसत होते.

भाजीची पिशवी घेऊन वर घरी जाताना जिन्याच्या वळणावर मी थांबले. हे मागेच होते.

"पिशवी घेऊ का?" म्हणाले.

"नको," म्हटलं, "धून बिघडेल."